डोळे मिटून काढलेला कापूस

मास्तरांच्या खोलीत भिंतीवर दोन घड्याळं होती. एक दारव्ह्याचं आणि दुसरं रंगूनचं, तासभर पुढे चालणारं. नवखा माणूस हमखास दुसऱ्याकडे बघायचा, धापा टाकत स्टेशनावर पोचायचा आणि छोट्या गाडीची वाट पाहत तासभर बाकावर बसायचा. पुन्हा भेटल्यावर भांडायला लागला, की मास्तर शांतपणे म्हणत, "वाया कायले गेला? तेवढा टाइम तुमी रंगूनात होते."

समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावरचे ते. आधी शाळेत भूगोल शिकवत. मग शाळा सोडली आणि आमच्याकडे कुणी ऐकला नव्हता असा उद्योग धरला. परदेशची सरकारं आपल्या दवाखान्यांसाठी, रेल्वेसाठी जो माल मागवत, त्याची टेंडरं ते इथल्या कारखानदारांना भरून देत. कुणाचा दोर, कुणाच्या सतरंज्या, आमच्या कारखान्याचा दवाखान्याचा कापूस. अटींचा कागद तीनदा वाचल्याशिवाय पेनाला हात लावत नसत. "माह्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ नेलं," ते म्हणत. "मी पाकिटातून कापूस नेतो. लादल्या बैलांची लदेणीच हाय हे. बैल तेवढा दिसत नाही."

मी त्या कारखान्यात टायपिस्ट होते. आमच्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि आई तिथंच कापूस निवडणाऱ्या बायांत बसायची. तिच्या मॅट्रिक झालेल्या लेकीला हापिसात खुर्ची द्यावी, हे मालकाच्या गळी मास्तरांनीच उतरवलं. मी टाइप करू लागले की ते खिडकीशी उभे राहत. बाहेर उन्हात कापसाचा भुगा तरंगत असायचा. "नदीच्या तोंडाशी धुकं असते," ते हळूच म्हणत, "त्यात भोंगा वाजते. आन पान्यावर सागाचे ओंडके, आपल्याच रानातले वाटावे असे." माझी बोटं थांबायची. कापूस उकळणाऱ्या वाफेच्या उग्र वासातही मला पाण्याचा वास यायचा.

टेंडरबरोबर नमुना धाडावा लागे, आणि पुढे जाणारा सगळा माल त्या नमुन्याशी ताडून पाहत. बाकीचे लोक नमुना वेचून काढत. मास्तर डोळ्यांवर उपरणं बांधायचे, गाठीत कोपरापर्यंत हात खुपसायचे आणि मुठीत येईल तो कापूस बाहेर काढायचे. बाया खिदळायच्या.

"काहून मास्तर, आंधळी कोशिंबीर खेळून राह्यले का?"

"नवरी दाखवाची तं झोपेतून उठलेली दाखवा, बाई," मास्तर उपरण्याआडून म्हणत. "नटवून दाखवली, तं मंग नांदाले तरास."

एका साली पावसाळ्यातच मागणी आटली. मालकानं सांगून टाकलं, रंगूनच्या सरकारी दवाखान्यांचं टेंडर लागलं तर ठीक, नाहीतर होळीनंतर कुलूप. मास्तरांनी नेहमीसारखा नमुना काढला. त्यात सरकीच्या सालीचे बारीक पिवळट ठिपके होते. पिशवी माझ्या टेबलावर ठेवून, चिठ्ठी टाइप करायला सांगून ते जेवायला गेले.

मी आईला बोलावलं आणि पिशवी उघडली.

"मास्तरच्या हातचं हाय ते. कायले चिवडतं?" आई म्हणाली.

"तुले होळीनंतर घरी बसाचं हाय का?"

आईनं पदर खोचला. मग तिनंच वेचून दिलेला, दुधासारखा पांढरा कापूस मी पिशवीत भरला. मास्तर आले. त्यांनी लाख वितळवली, पितळी शिक्का उमटवला. आत पाहिलं नाही. आपल्याच हातानं काढलेलं पुन्हा काय पाहायचं?

टेंडर लागलं. तार आली त्या दिवशी बायांनी गूळ वाटला. मास्तर मात्र रंगूनच्या घड्याळासमोर बसून राहिले. "आता तिकडं कोनी आपला कापूस जखमेवर ठेवन," ते म्हणाले. "त्याले मालूमही नसन, दारव्हा कोठी हाय ते."

काही महिन्यांनी पत्र आलं. माल मोहोरबंद नमुन्याच्या बरोबरीचा नाही, परत न्यावा. मालक ओरडत होता. मास्तरांनी ते पत्रही तीनदा वाचलं. मग उजवा हात समोर धरून त्याच्याकडे पाहत राहिले.

"डोळे बांधले होते मी," ते म्हणाले. "पन हातानं मनातलं ऐकलं असन. चाचपून चाचपून चांगलंच उचललं. लबाडी केली यानं."

माझी बोटं टाइपरायटरवर होती. मी पुढची ओळ टाइप केली. त्या आठवड्यात त्यांनी दोरवाल्याचे, सतरंजीवाल्याचे अर्धे भरलेले कागद परत केले आणि तांड्यावर निघून गेले. होळीनंतर कुलूप लागलंच.

पुढे तीन-चार वर्षांनी मी तांड्यावर गेले, सांगायचंच असं ठरवून. पेरणीचे दिवस होते. मास्तर बाजेवर बसले होते आणि मडक्यातलं बियाणं सुनेकडून काढवून घेत होते. मी पाहतेय हे बघून हसले. "माहा हात इमानदार नाही, बेटा. बियाण्याले लावत नाही मी त्याले."

शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "रंगूनात किती वाजले असन आता?"

मी मनगटावरच्या घड्याळात एक तास मिळवला आणि सांगितलं. ते डोळे मिटून राहिले, जणू भोंगा ऐकू येतोय. मी उठले आणि गाडी धरली.

त्यानंतर मास्तर गेले. आईही गेली, कुणाला काही न सांगता. आता पन्नाशी उलटल्यावर लिहिते आहे, ते मास्तरांच्या त्या हातासाठी. डोळे खरंच मिटलेले होते. हातानं येईल तोच कापूस उचलला होता. तो मी फेकला नाही, पदरात बांधून घरी आणला. अजून माझ्या पेटीत आहे, ठिपक्यांसकट. रंगूनला गेलेला माल त्याच्याशी ताडला असता, तर तंतोतंत जुळला असता.