पामच्या आधी खुर्ची

आमच्या ‘सावली’ ग्रुपमध्ये सत्तावीस माणसं आहेत. झाडं किती जगली ते विचारू नका. शिरूर, तळेगाव ढमढेरे, दौंड या पट्ट्यात वैशाखात टाकीतल्या पाण्यानं हात पोळतो, आणि या मंडळींना अंगणात केरळ हवं असतं. त्यामुळे झाडं वाळतात आणि किस्से साचतात. उसाचं पाचट निदान पेटवता तरी येतं. किस्स्यांचं काय करायचं?

ग्रुप काढला माझ्या बायकोनं, सुनंदानं. घरामागे हिरव्या जाळीखाली तिनं पाम, कॅलेथिया, फिलोडेंड्रॉन अशी सावलीतली शोभेची झाडं वाढवली. रोपं फुकट द्यायची, पण एका अटीवर. झाड जिथं ठेवायचं तिथं आधी स्वतः दिवसभर खुर्ची टाकून बसायचं, सकाळी सात ते संध्याकाळी सहा.

“तुम्हाला ऊन लागलं तर झाडालाही लागणार,” ती म्हणायची. “सावली एका जागी बसत नाही. तुम्ही बसून बघा.”

सगळे मान डोलवायचे. बसायचं कुणी नाही.

*

तळेगाव ढमढेरेचे आप्पा. वीस एकर ऊस, नवा बंगला, आणि गावातल्या प्रत्येक निवडणुकीत पॅनल यांचंच. बंगल्यासमोर त्यांना रॅपिस पामची रांग हवी होती. रॅपिस म्हणजे बांबूसारखा नाजूक, उन्हाचं नाव काढलं तरी पिवळा पडणारा पाम.

“ताई, एक नंबर जागा हाय,” आप्पा म्हणाले. “मला येळ कुठंय? पर आमच्या किसनला बसवला व्हता. सकाळी सात ते सांजचं सहा. जेवला बी तिथंच. एकदा बी ऊन लागलं न्हाई म्हणतो!”

सुनंदानं दहा रोपं दिली. तीन आठवड्यांत दहाच्या दहा कडब्यासारखी. ती बघायला गेली, मीही बरोबर होतो. किसन म्हणजे आप्पांचा जुना गडी, साठीतला माणूस.

“किसनमामा, खरंच ऊन लागलं नव्हतं?”

“न्हाई ना ताई! ऊन आलं की खुर्ची सरकवायचो की मी!”

आप्पा उखडले. “आरं, तुला बसाया सांगितलं व्हतं का गावभर फिराया?”

मला विचाराल तर त्या अंगणात अक्कल एकट्या किसनलाच होती.

*

मिलिंद कंपनीत मॅनेजर. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे ॲप असतं.

“ताई, खुर्चीबिर्ची जुनी पद्धत झाली. मोबाईलवर लाइट मोजता येतो. माझी गॅलरी फुल शेड आहे. तीन दिवस रीडिंग घेतलं.”

कॅलेथिया घेऊन गेला. दहा दिवसांनी फोटो पाठवला. पानं विडीसारखी वळलेली.

“रीडिंग किती वाजता घेतलं होतंस?” सुनंदानं विचारलं.

“ड्यूटीवरून आल्यावर. साडेसात.”

“सकाळी?”

“नाही, संध्याकाळी.”

“मिलिंद,” ती म्हणाली, “संध्याकाळी साडेसातला एसटी स्टँडच्या पत्र्यावरसुद्धा फुल शेड असते!”

*

दौंडच्या जगताप मॅडमचं दुखणं वेगळं, त्यांना चमक हवी असते. फिलोडेंड्रॉनच्या पानांवर धूळ बसते म्हणून त्यांनी एकेक पान खोबरेल तेलानं पुसलं. कुंडी गच्चीवर नेऊन फोटो काढला, ग्रुपवर टाकला. चाळीस लाइक. (सत्तावीस माणसांत चाळीस लाइक कसे येतात, हे मला अजून कळलेलं नाही.) मग कुंडी तिथंच ठेवून मॅडम लग्नाला गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “सुनंदाताई, पानं तपकिरी झालीत हो. कडेनं कुरकुरीत लागतायत. आता काय करू?”

“तेल घातलंतच आहे,” सुनंदा शांतपणे म्हणाली, “आता मोहरी टाका.”

*

आणि ओव्हाळ. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले मेकॅनिक, आमच्या शिरूरातच दोन खोल्यांचं घर. बोलणं कमी. ग्रुपवर रोज सकाळी फक्त ‘जयभीम’ टाकतात, पुढे काही नाही. खुर्चीची अट अक्षरशः पाळणारा हा एकच माणूस.

त्यांनी लाल प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि सोमवारी दारात बसले. ऊन आलं. मंगळवारी खिडकीशी बसले. ऊन आलं. बुधवारी मागच्या पडवीत, गुरुवारी जिन्याखाली. शुक्रवारी खुर्ची घेऊन बाथरूममध्ये गेले आणि सकाळी सातला आतून कडी लावली!

घरात पाच माणसं. नातू शाळेला निघालेला, सून हातात टॉवेल घेऊन उभी. दहाच्या सुमाराला शेजारचे डॉक्टर दाराशी येऊन विचारू लागले, “ओव्हाळ, किती वेळा झाली?”

आतून आवाज आला, “एकदा बी न्हाई. सावली लई झ्याक हाय!”

हा किस्सा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये निदान वीस वेळा सांगितला असेल, प्रत्येक वेळी अभिनयासकट. घरीही सांगितला. सुनंदा हसली नाही.

कोकणातल्या एका नर्सरीतून तिनं लिकुआला पामची दोन रोपं आणली होती. एकाच पिशवीतली जुळी. गोल, चुण्या पडलेलं पान, विणलेल्या पंख्यासारखं. वर्षाला दोन-तीन पानं देतो, पण देतो ती अशी की बघत राहावं. ग्रुपमधल्या प्रत्येकानं दुसरं रोप मागून झालं होतं.

“ते ओव्हाळांना देऊन ये,” ती म्हणाली.

“बाथरूममध्ये ठेवतील!”

“म्हणूनच.”

तेव्हापासून ओव्हाळांच्या घरची पाच माणसं मागच्या अंगणात पत्र्याच्या आडोशाला आंघोळ करतात. हाही किस्सा मी सांगायचो.

*

गेल्या वर्षी चैत्रात सुनंदा गेली.

पाचव्या दिवशी आप्पा भेटायला आले. सतरंजीवर बसले, टोपी काढली, डोळे पुसले. “लई वंगाळ झालं, सर. देवमाणूस व्हती.” मग माझ्या खांद्यावरून मागच्या दाराकडे बघत म्हणाले, “ते जाळीखालचं समदं आता तुम्हाला झेपायचं न्हाई. एकटा माणूस. कॉलेज बघणार का झाडं बघणार?”

मी उठून मागचं दार ओढून घेतलं.

“तसं न्हाई, घाई न्हाई. पर टेम्पो आणलाच हाय!”

टेम्पो खरंच फाटकाशी उभा होता. आणि त्यात, पेंढा अंथरून, कुंड्या आत घ्यायला किसन. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी आप्पांना चहा दिला. टेम्पो रिकामा परत गेला. त्या दिवशी ठरवलं, बाकी काही होवो, तिनं घरी ठेवलेला लिकुआला जगवायचा. वर्षभर जगवला. बोअरचं खारं पाणी चालत नाही म्हणून पावसाचं साठवलं, ते संपल्यावर फिल्टरचे जार आणले. पौषात नवं पान उलगडलं, तिच्या माघारी आलेलं पहिलं. त्याचा फोटो मी कुणालाही पाठवला नाही.

*

या चैत्रात वर्षश्राद्ध झालं. अंगणात कडुनिंबाखाली टेबलावर तिचा फोटो ठेवला. लोक येणार होते. मला वाटलं, फोटोशेजारी लिकुआला शोभेल. सकाळी आठ वाजता कुंडी बाहेर आणली. गार, दाट सावली होती.

मग भटजी, नातेवाईक, पंगती, पानं वाढणं. जगताप मॅडमनी पामबरोबर सेल्फी घेतला. साडेतीनला शेवटची पंगत उठली, तेव्हा माझं लक्ष गेलं. कडुनिंबाची सावली भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडली होती, आणि फोटो, टेबल, कुंडी सगळं उन्हात तापत होतं. फोटोची काच हाताला चटका देत होती.

चार दिवसांत पानं जुन्या वर्तमानपत्रासारखी झाली. तीन आठवड्यांनी मधल्या कोंबाची सुरळी जरा ओढून बघितली, ती सुटून हातात आली.

वीस वर्षं त्या बाईबरोबर राहिलो. मी तर ॲपसुद्धा वापरलं नव्हतं!

*

रिकामी कुंडी पिशवीत घालून मी ओव्हाळांकडे गेलो. त्यांनी पिशवीत डोकावलं. बाथरूमचं दार उघडून दाखवलं. जुळ्यातला दुसरा लिकुआला आत उभा होता, पानं सुपाएवढी. नळाशी जायला वाट उरली नव्हती.

“घेऊन जावा, सर,” ओव्हाळ म्हणाले. “ताईंचाच हाय.”

त्यांच्या सौभाग्यवती मागून म्हणाल्या, “न्या हो भाऊ! न्हाणीत जाऊन तीन वर्सं झाली!”

मी वाकून कुंडीला हात घातला, तेवढ्यात ओव्हाळांनी माझा हात धरला.

“आज न्हाई. ठेवणार कुठं?”

“जाळीखाली. तिच्या जागेवर.”

“जागा ताईंनी बसून बघितल्याली. तुम्ही कवा बसला?”

आत गेले, लाल खुर्ची घेऊन आले आणि माझ्या हातात दिली.

“घरी आहेत खुर्च्या,” मी म्हणालो.

“असत्याल की. ही न्या. रविवारी बसा. सात ते सहा.”

रविवारी सातला मी जाळीखाली, तिच्या जागेवर, लाल खुर्ची टाकून बसलो. बारापर्यंत गार सावली होती. एक वाजता गुडघ्यावर रुपयाएवढं ऊन आलं. वर बघितलं, तर पश्चिमेकडून जाळी हातभर फाटलेली. कधी फाटली होती कोण जाणे, वर्षभर मी खालीच बघत होतो. दोनला ऊन छातीवर आलं, अडीचला तोंडावर. डोळे चुरचुरायला लागले. शेजारीच, दोन हातांवर, छान सावली होती. इकडेतिकडे कुणी नव्हतं. मी उठलो, खुर्चीचे हात धरले आणि उचलली.

मागच्या कुंपणापलीकडून ओव्हाळांचा आवाज आला:

“सर! खुर्ची खाली ठेवा!”