दोन हात आणि एक हनुवटी

राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये मी डॅमेज पुस्तकांच्या विभागात काम करते. दुकानांतून परत आलेली पुस्तकं आमच्याकडे येतात. कुणाचा कोपरा दुमडलेला, कुणी भिजून फुगलेलं, कुणाचा फर्मा चुकलेला. फर्मा म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांची घडी. ती उलटसुलट लागली की गोष्ट मध्येच गचके खाते. आम्ही बायका दिवसभर पानं उलटतो आणि पुस्तकांचे दोन ढीग करतो, एक परत विकायचा आणि एक लगद्याचा. लगद्याची गाडी महिन्याच्या शेवटी येते.

गाडी यायच्या आधी आम्हाला त्या ढिगातून पुस्तकं न्यायची मुभा असते, पण फुकटच्या गोष्टीलाही नियम असतो. आमचा सुपरवायझर ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसतो आणि दर वेळी तेच ऐकवतो, "दो हाथ, एक ठुड्डी. जो गिरा, वो गया." दोन्ही हातांवर चळत घ्यायची, वरून हनुवटीनं दाबायची आणि गेटपर्यंत चालत जायचं. गेटबाहेर गेलं ते आपलं, वाटेत पडलं ते परत ढिगात. पिशवी नाही, ओढणी नाही, दुसरी फेरी नाही. जुन्या बायका यात तरबेज झाल्यात. गुळगुळीत कव्हरवर गुळगुळीत कव्हर ठेवलं की चळत घसरते, म्हणून त्या मध्ये मध्ये खरखरीत कव्हरचं एकेक पुस्तक सारतात, मग ते कशाचं का असेना. आमच्यातल्या एकीच्या घरी अशानं मधुमक्षिकापालनाची तीन पुस्तकं जमली आहेत. तिला मधमाशी दिसली तरी ती किंचाळते.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या ढिगापुढे उभी राहिले तेव्हा चुकीचं पुस्तक उचलून चालणार नव्हतं. कारण माझी धाकटी बहीण.

ती सहावीत, आश्रमशाळेत. दिवाळीच्या सुट्टीच्या आधीच ती तिथून पळून पाड्यावर आली होती. वर्गात उभं करून धडा वाचायला लावला, ती अडखळली, पोरी हसल्या, आणि हे रोजचंच झालं. घरी येऊन तिनं जाहीर केलं की मी विटा उचलीन पण वाचणार न्हाय. आमचे आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परततात. माझा सर्वांत धाकटा भाऊ अजून रांगतो. त्याला सांभाळायला भट्टीवर कुणीतरी हवंच होतं आणि ही आयती सापडली.

मी बापाशी भांडले. माझ्या नाकावर राग असतो, हे सगळ्या पाड्याला ठाऊक आहे. बाप मात्र ओरडला नाही, आणि म्हणूनच मला त्याचं म्हणणं खोडता येईना.

"जबरदस्तीनं धाडली तर ती परत पळंल," तो म्हणाला. "आमी तकडं भट्टीवर. कुठं शोदायची तिला? तिनं आपल्या तोंडानं सांगावं, मी शाळंत जाते. मंग ऱ्हाऊ दे तिला. न्हायतर ट्रक आला की ती आमच्यासंगं."

भट्टीवर एकदा गेलेली पोर शाळेत परतल्याचं मी आमच्या पाड्यावर पाहिलेलं नाही. माझ्या बरोबरीच्या पोरी अशाच गेल्या. मी राहिले ती केवळ काकीच्या हट्टामुळे, तिनं मला तिच्याकडे ठेवून घेतलं. ट्रक यायला आठवडा उरला होता आणि तेवढ्यात हिला वाचनाची गोडी लागायला हवी होती.

तर तो ढीग. मला स्वतःसाठीही एक पुस्तक हवं होतं. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी लग्न करून जाणार होती आणि सुपरवायझर म्हणाला होता की ज्याला एक्सेल येतं त्याला तिथं बसवू. ढिगात एक्सेलचं घरबसल्या शिकायचं पुस्तक होतं. पाटा-वरवंट्यातल्या पाट्याएवढं जाड. ते खाली घेतलं. त्यावर घरच्या वायरिंगचं एक, कारण आमच्याकडे फ्यूज उडाला की अख्खा पाडा माझ्या काकाची वाट बघतो आणि काका नेमका कुठेतरी गेलेला असतो. त्यावर इंग्रजी बोलायचं एक.

मग बहिणीसाठी. इथे माझं घोडं अडलं. रहस्यकथा घ्यायची एवढं ठरलं होतं, कारण आमची ही बया लहानपणापासून चोंबडी. कुणाची कोंबडी कुणाच्या परसात अंडं घालते हे तिला कोंबडीआधी कळतं. पण कोणती रहस्यकथा? मी आयुष्यात एकही वाचली नव्हती. एकीत बंगल्यातली मुलं, त्यांचा कुत्रा आणि त्यांना सरबत देणारा आचारी. हिनं पहिल्याच पानावर विचारलं असतं की आचाऱ्याला काय काम न्हाय का. दुसरीतली अक्षरं मुंगीएवढी. तिसरीत जोडाक्षरांचा नुसता चिखल. शेवटी एक पातळसं हाताला लागलं. मोठी अक्षरं, लहान लहान प्रकरणं. खाडीकाठचं गाव, देवळातली घंटा चोरीला गेलेली आणि ती शोधणारी दोन उनाड भावंडं. मी पहिलं पान उभ्या उभ्या वाचलं आणि दुसरं पान आपोआप उलटलं. तेच घेतलं.

"चलो, गाडी लग गयी," सुपरवायझर ओरडला.

मी चळत उचलली आणि हनुवटी त्या रहस्यकथेवर टेकवली. एक्सेलच्या वजनानं मनगटं भरून आली. अर्ध्या वाटेत धुळीनं नाक हुळहुळलं. शिंक आली तर हनुवटी उचलणार, हनुवटी उचलली तर वरचं पहिलं जाणार, आणि वर तेच होतं. मी जीभ टाळूला दाबून धरली. डोळ्यांतून पाणी आलं. इंग्रजीचं पुस्तक मधूनच बाहेर सरकत होतं. त्याला कोपरानं आत ढकलायचं तर चळत कलणार. मी त्याला जाऊ दिलं. ते फरशीवर आपटलं तेव्हा मागे कुणीतरी हसलं. मी वळून पाहिलं नाही. गेटबाहेर पाऊल टाकलं आणि मग जी शिंकले, ती वॉचमन दचकून उठेपर्यंत.

घरी बहिणीनं पुस्तकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मीही तिला वाच म्हटलं नाही. मी धाकट्याला मांडीवर घेऊन त्यालाच मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवू लागले. त्याला काय कळणार, तो पुठ्ठा चघळत होता. भावंडं देवळामागच्या विहिरीत डोकावतात आणि आतून आवाज येतो, इथवर आले आणि पुस्तक मिटलं. सकाळी ड्युटीला निघताना ते मुद्दाम चुलीजवळच्या फळीवर ठेवलं.

संध्याकाळी परत आले तर पुस्तक फळीवरच होतं, पण विहिरीच्या पुढच्या पानावर राखेनं माखलेल्या बोटाचा ठसा. दुसऱ्या दिवशी ठसे आणखी पुढे गेले. तिसऱ्या दिवशी काकी म्हणाली, "आज धाकली मोरीत बसून वाचत व्हती. दार लावून. अडलं का मला इचारायची, ह्ये अक्शर कंचं." मला इतका आनंद झाला की मी काकीला मिठी मारली. ती म्हणाली, "खुळी का काय तू."

आणि ट्रकच्या दोन दिवस आधी मी घरात पाऊल टाकलं तेव्हा पुस्तक अंगणात पडलं होतं.

"कसलं आनलंस हे!" ती माझ्या अंगावर धावून आली. "ती दोघं दार उगडतात. आत चोर हाय. आन मंग परत पयलं पान! परत ती घंटा वाजते!"

मी पुस्तक उचलून पाहिलं. शेवटचा फर्माच नव्हता. त्याच्या जागी पहिला फर्मा दुसऱ्यांदा शिवलेला. आमच्याकडे असली पुस्तकं दिवसाला ढीगभर येतात आणि ती नुसत्या बोटानं ओळखण्यात माझा हात कुणी धरत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लगद्याच्या ढिगातलं पुस्तक तिथं का आलं असेल, हे मला एकदाही तपासावंसं वाटलं नव्हतं.

"मला समदेच हसतात," ती म्हणाली. "पुस्तकं पन." आणि मोरीत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कामावर मी विकायच्या ढिगात त्याच गोष्टीची प्रत शोधली. सापडली. धडधाकट, म्हणून ती बाहेर नेता येत नव्हती. मोबाईल आम्हाला गेटवर जमा करावा लागतो, तेव्हा फोटोही नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मी रॅकमागे उभी राहून शेवट वाचला. घंटा गावच्या मास्तरनं पळवली होती. मला हसूही आलं आणि धडकीही भरली. ज्या पोरीला शाळेत परत पाठवायचं, तिला सांगायचं काय, तर मास्तर चोर!

घरी जाऊन लगेच सांगून टाकावं असं वाटत होतं. पण वाटेत टमटममध्ये बसल्या बसल्या मी ठरवलं की नाही सांगायचं. शेवट कळला की संपलं, मग ती खुशाल ट्रकात चढेल. माझ्या हातात तेवढं एकच उरलं होतं.

ट्रक सकाळी आला. टोप, गोधड्या, तांदळाचं गाठोडं, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, सगळं वर चढलं. आईनं गावदेवाला नारळ ठेवला. बाप माझ्या बहिणीकडे बघत होता. त्यानं विचारलं, "बोल गं. काय ठरीवलंस?"

ती धाकट्याला काखेत घेऊन ट्रकात चढली.

मी ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून उभी राहिले आणि ओरडले, "चोर कोण ते मला कळलंय! शेवटपर्यंत वाचलंय मी!"

ट्रकातल्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. बहिणीनं मान वर केली. "कोन?"

"खाली उतर. मग सांगते."

"हितंच सांग."

"नाही सांगणार. भट्टीवर जा आणि जन्मभर विचार करत बस."

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. आई म्हणाली, "सांग की गं तिला, कशाला छळतेस?" मी मान हलवली. खांद्याला गाल पुसला. फाळका हाताखाली थरथरत होता आणि मी तो सोडत नव्हते. बहीण माझ्याकडे बघत राहिली, टक लावून, कोंबडीचं अंडं शोधताना बघते तशी. मग तिनं धाकट्याला आईच्या मांडीवर ठेवलं आणि बापाला म्हणाली, "मी शाळंत जाते."

बापानं तिला दोन्ही काखांत धरून खाली उतरवलं. ट्रक निघाला. आईचा हात बाहेर होता, तो वळणापर्यंत दिसला. धाकटा रडत होता, तेही ऐकू आलं. मला वाटलं होतं की जिंकल्यावर नाचावंसं वाटेल. तसलं काहीच झालं नाही. आईच्या मदतीला आता कुणी नव्हतं आणि ते मी केलं होतं.

आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मी वाट पाहत होते की आता विचारेल. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. शेवटी मीच म्हटलं, "मास्तर. मास्तरनं चोरली घंटा."

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसं काय?"

"तो म्हनला ना, घंटा गेली तवा मी होडीत व्हतो, आता उतरून आलो. तवा ओहोटी व्हती. खारबावच्या मावशीकडं बघितलंय मी, ओहोटीला उतरलं का गुडग्यापातूर चिखल. ह्याचे पाय कोरडे. मला तवाच कळलं." तिनं नाक पुसलं. "मास्तरांवर माजा पयल्यापासनं डाऊटच हाय."

ते वाक्य मीही वाचलं होतं, दोनदा, आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

"मग उतरलीस कशाला?" मी विचारलं.

ती उठली, आत गेली, आणि एक्सेलचं ते जाड धूड दोन्ही हातांत घेऊन, वर हनुवटी टेकवून बाहेर आली. त्याला अजून कुणी हात लावला नव्हता. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"तू रडत व्हतीस," ती म्हणाली. "तू नुसती भांडतेस. रडत कवाच न्हाईस."