अठ्ठावीसच्या लेन्सचं हूड

“कडेची माणसं कापून मी फोटो काढत नाही,” असं इनॉक एकदा म्हणाला, आणि त्यानंतर त्याने फोटोच काढला नाही.

त्याची थोरली बहीण झिल्पा हे वाक्य करंजाड्यातल्या अख्ख्या सोसायटीला ऐकवायची, त्याच्याच घोगऱ्या आवाजात. इनॉक पाटबंधारे खात्यात आरेखक होता. उभ्या नोकरीत एकही धरण पुरं झालेलं त्याने पाहिलं नाही, पण नकाशांच्या चौकटी मात्र फार सुबक आखल्या. निवृत्तीनंतर हा चौकटीचा सोस वडिलांच्या रीळवाल्या कॅमेऱ्यावर उतरला.

धाकटा भाऊ शमुएल कायमचा इस्राएलला निघाला, तेव्हा घरी मलिदा केला होता. त्यांच्या मराठी ज्यूंच्या घरांत कुणी दूर निघालं की तो होतोच: गोड पोह्यांचं ताट, भोवती फळं, एलियाहू हन्नाबीची प्रार्थना, आणि मग सगळं कुटुंब ओळीने फोटोला. एवढी माणसं मावावीत म्हणून इनॉकने रुंद लेन्स घेतली, अठ्ठावीस मिलिमीटरची. खिडकीतलं ऊन काचेवर पडू नये म्हणून तिच्यापुढे हूड चढवलं. ते मात्र पन्नासच्या लेन्सचं, लांब नळकांड्यासारखं. रीळ धुऊन आलं तेव्हा नळकांड्याची कड चित्रात येऊन चारी कोपरे काळे. आतेभाऊ एलियासचा अर्धा चेहरा अंधारात, आणि भाची निरीतचा नुसता हात उरलेला.

“मग हूड काढून टाक की,” झिल्पा म्हणाली.

“उन्हाची झाक येते, ताई.”

“येऊ दे. माणसं तर येतील.”

इनॉकला ते पटलं नाही. एलियासही तिकडे निघाला तेव्हा हूड योग्य मिळालं होतं, पण लेन्सचे आणि त्याचे आटे जुळत नव्हते. मधे बसवायची कडी केरळहून यायची होती. कडी आली तीही चुकीच्या आट्याची, आणि तोवर एलियासने तिकडे गाडीही घेतली होती. निरीतच्या मलिद्याला चौकोनी हूड होतं. ते पूर्ण आवळलं की तिरकं बसायचं. “पुढच्या वेळी,” इनॉक म्हणाला. पुढची वेळ यायचीच, कारण जाणारं कुणीतरी असायचंच.

मग झिल्पाची वेळ आली. तिने भांडी वाटली, पलंग विकला. न्यायला एकच गोष्ट हवी होती: इनॉकने काढलेला घरातला एक फोटो. ते तिने सरळ सांगितलं नाही. “तुझं ते नळकांडं मिळालं का?” एवढंच रोज विचारत राहिली.

मिळालं. मिठागराच्या जागी इमारती उठवणाऱ्या केतनने सँपल फ्लॅटमध्ये शोभेला जुने कॅमेरे मांडले होते, आणि एक बुटकं, रुंद हूड प्लास्टिकच्या रोपाखाली अडणी म्हणून ठेवलं होतं.

“न्या ना काका,” केतन म्हणाला. “आमी वाटी लावू खाली. वाटी काय वाईट हाय?”

मलिद्याच्या दिवशी प्रार्थनेला आलेली मंडळी जेवून पेणच्या गाडीला गेली. इनॉकने सवयीने खुर्च्या ओळीने मांडल्या. हूड चढवलं. ते अर्ध्या वळणात, लोण्यात सुरी जावी तसं बसलं. तो पोरासारखा हसला. मधल्या दोन खुर्च्यांवर झिल्पा आणि तिची लेक अविटल बसल्या, आणि इनॉकने कॅमेरा डोळ्याला लावला.

तो लावूनच राहिला.

झिल्पाने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. एका बाजूला रिकाम्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला रिकाम्या खुर्च्या आणि पलीकडे फ्रिज.

“काय रे, कुणी कापलं जातंय का?”

इनॉकचं बोट खटक्यावरच राहिलं.

“आई, पुरे,” अविटल पुटपुटली.

पण तोंडाची सवय. “त्या फ्रिजला नीट घे हो कडेला,” झिल्पा म्हणाली. “एवढी वर्षं थांबलाय बिचारा.”

खटका वाजला नाही. इनॉकने कॅमेरा खाली घेतला, हूडसकट तिच्या मांडीवर ठेवला. मग दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या, आणि तो निघून गेला.