शुभाच्या चित्रातली डावी बाजू

पार्सिपनीतली आमची शेजारीण शुभा नागपूरला शाळेत चित्रकला शिकवायची. इथे अमेरिकेत नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे नोकरी करता येईना, म्हणून तिने स्वतःचं स्वयंपाकघरच रंगवायला घेतलं. डावीकडे सिंकवरच्या खिडकीतून येणारा उजेड, तिथेच चहा पीत बसलेला तिचा नवरा श्रीरंग, उजवीकडे पोळ्यांचा डबा. "एका बाजूला माणूस बसवला की दुसरीकडे निदान डबा तरी ठेवावाच लागतो," असं ती म्हणायची. रविवारी मराठी शाळेत ती मुलांना चित्रकला शिकवायला जायची आणि जाताना माझ्या मुलीला, इलालाही गाडीतून न्यायची.

२००६च्या दिवाळीत महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये तिची चित्रं लागली. नव्या चित्रांत सगळं उजवीकडे सरकलेलं. डावीकडे नुसता कोरा कॅनव्हास. खिडकी गायब, तिचा उजेड मात्र डब्यावर पडलेला.

"काय बोल्ड कॉम्पोझिशन आहे यार," मंडळातला देवांग म्हणाला. या गृहस्थाला भिंतीचा रंग निवडायलाही बायको लागते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ती कोरी जागा बघवेना, पण माझं कोण ऐकतंय?

पुढच्या रविवारी इलाला शुभाच्या गाडीत बसवून मी शुभाला हाक मारायला तिच्या घरात गेले. ती अजून चित्रापुढेच उभी होती. त्यात श्रीरंगचा चेहरा नाकापाशीच संपला होता.

"हा अर्धाच का काढलास?"

"अर्धा कुठे? पूर्ण तर आहे."

मी तिचे खांदे धरून तिला डावीकडे वळवलं. तेव्हा कुठे तिला ती कोरी जागा दिसली.

"हल्ली डावीकडच्या गाड्या एकदम अंगावरच येतात गं," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, लोकच बेफाम ड्राइव्ह करायला लागलेत."

तिला धीर द्यायचं सोडून मी बाहेर धावले आणि इलाला ओढूनच गाडीतून उतरवलं. "आई, व्हॉट आर यू डूइंग? वी आर लेट," ती कुरकुरत राहिली.

मी परत आत आले. शुभा हातात गाडीची किल्ली घेऊन तशीच उभी होती.

"किल्ली दे," तिच्या डाव्या बाजूला उभी राहून मी हात पुढे केला.

तिने मुकाट्याने किल्ली उचलून धरली.

"अगं, हात तर पुढे कर," ती म्हणाली.