धक्का स्टार्ट

दसऱ्याला रावणदहनाला निघण्याआधी आईने दादाच्या नव्या स्पोर्ट्स कारला ओवाळलं, आणि उन्हात तापलेल्या बॉनेटवरच्या झेंडूचा वास आला. त्या वासासरशी मी पिपलानीच्या आमच्या जुन्या क्वार्टरसमोर, बाबांच्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

ती गाडी आजोबांची, नागपूरहून आणलेली. लाल चामड्याच्या सीटा, भोंग्याचा हॉर्न. धक्का दिल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही, आणि धक्का कायम आईच द्यायची. त्या दसऱ्यालाही तिने गाडीला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नव्या साडीचा पदर खोचला आणि ढकलू लागली. इंजिन धडधडलं. थांबलो तर पुन्हा बंद पडेल म्हणून बाबा थांबलेच नाहीत. खिडकीतून ओरडले, "मैदान जवळच आहे, ये चालत." मागच्या काचेतून मला धुरात धावणारी आई दिसत होती, तुटलेली चप्पल हातात घेतलेली. शेजारी हसत होते. मीही हसले, मला तो खेळच वाटला होता. रावण जळून गेल्यावर ती पोचली.

"जुन्या गाडीत जीव होता," आज बाबा काठी टेकत म्हणाले. "हे नुसतं खेळणं आहे."

दादाने बटण दाबलं, गाडी गुरगुरली. आई त्याच्या शेजारी बसली, पट्टा लावला. गाडीत सीटाच दोन होत्या.

"आणि मी?" बाबांनी विचारलं.

आईने काच खाली केली.

"मैदान जवळच आहे," ती म्हणाली. "या चालत."