दोन व्याही आणि रेघेवरचा अंगठा

माझे बाबा आणि माझे सासरे एकाच वेळी न्यूझीलंडमधल्या आमच्या हॉर्नबीच्या घरी राहायला आले, तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, दोघांना एकमेकांची सोबत होईल. आई वहिनीच्या बाळंतपणासाठी पुण्यातच थांबली होती, म्हणून बाबा एकटे आलेले. सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. सासूबाई गेल्यापासून ते वर्षातले काही महिने आमच्याकडेच असतात. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे दोन व्याही एका छपराखाली कधी राहिले नव्हते.

पहिल्याच आठवड्यात कळलं की सोबत वगैरे काही होत नाहीये. चालला होता तो नुसता मानपान. "आपण आधी आंघोळ उरकून घ्या." "छे छे, आपलं होऊ द्या." त्या घोळात मला ऑफिसला उशीर. ताटलीतलं शेवटचं थालीपीठ कोणीच घ्यायचं नाही, ते तिथेच वाळायचं. टीव्हीचा रिमोट दोघांच्या बरोबर मध्ये, टीपॉयवर. आपल्या आवडीचं लावलं तर समोरच्याला काय वाटेल, म्हणून दोघंही त्याला हात लावत नसत. त्यामुळे आदल्या रात्री आम्ही जे चॅनेल सोडलेलं असेल, तेच दोघं दिवसभर पाहायचे. एकदा त्यांनी सबंध दुपार लोकांची स्वयंपाकघरं पाडून नवी बांधण्याचा कार्यक्रम पाहिला. संध्याकाळी अण्णा मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "तुझ्या बाबांना बांधकामाची फार आवड आहे का गं?" मी हसू दाबत नाही म्हटलं.

आमच्या शेजारी एक अमेरिकन राहतो. मूळचा नेब्रास्काचा, बायको क्राइस्टचर्चची, इथे राहून आता अर्धा किवीच झालेला. त्या वसंतात त्यांच्या घराचं रंगकाम निघालं आणि हॉलमधलं सगळं सामान, टीव्हीसकट, गराजमध्ये गेलं. एका रविवारी सकाळी तो चिप्सची दोन मोठाली पाकिटं घेऊन दारात उभा. त्याच्या जुन्या कॉलेजची फुटबॉल मॅच होती. तिकडे शनिवार दुपार, म्हणजे इथे रविवारचा नाश्ता.

"तुमच्या टीव्हीवर बघू का?" त्याने विचारलं.

"स्वीट ॲज," माझा नवरा म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'खुशाल', आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी तो रिमोट उचलला.

हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणारा, अमेरिकन. दोन रविवार आमचे दोघे ज्येष्ठ नागरिक तो अगदी शिष्टाचाराने पाहत बसले. शेजारी समजावून सांगायचा, हे माना डोलवायचे. त्याचा संघ लाल कपड्यांतला, म्हणून पाहुण्याचा मान राखायला दोघंही लालवाल्यांच्या बाजूने.

तिसऱ्या रविवारी मॅच शेवटाला आली होती. लाल संघ थोडक्या गुणांनी पुढे. पिवळ्यांच्या एका पोराने मैदानाच्या अगदी कडेला उंच उडी मारून चेंडू पकडला आणि तसाच बाहेर जाऊन पडला. पंचांनी झेल दिला. शेजारी कपाळाला हात लावून ओरडला. मग पंच थांबले आणि रीप्ले तपासायचं ठरलं. शेजाऱ्याने घाईघाईने नियम सांगितला: कॉलेजच्या खेळात चेंडू हातात पक्का असताना एक पाय रेघेच्या आत टेकला तरी पुरे. पण रेघेला बूट लागला की बाहेर.

पडद्यावर तो पाय हळूहळू खाली येऊ लागला. एकदा, दोनदा, मग दुसऱ्या बाजूच्या कॅमेऱ्यातून.

"आत आहे," बाबा म्हणाले.

"मला वाटतं, आपण जरा पुन्हा पाहावं," अण्णा म्हणाले. "अंगठा रेघेवर आहे."

"नाही, नाही. मध्ये हिरवं दिसतंय. गवत आहे ते."

"कुठलं गवत? सावली आहे ती!"

"अहो, सावली अशी असते का?"

अण्णा उठले, टीव्हीपाशी गेले आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा! हे काय आहे?"

"तुमचं बोट आहे! हात काढा आधी, काही दिसत नाहीये!"

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले. 'आपण'चं 'तुम्ही' झालं होतं, तेही ओरडून. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

अण्णा वळले. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला, आणि म्हणाले, "तुम्ही नंबर तपासून घ्यायला पाहिजे."

"आणि तुम्हाला पंच केलं तर दोन्ही संघ घरी जातील," बाबा म्हणाले, आणि खो-खो हसायलाच लागले. अण्णाही हसले. मग दोघं पुन्हा भांडू लागले, या खेपेला मजेत.

पंचांचा निकाल आला. बदल करण्याइतका ठाम पुरावा नाही, म्हणून मैदानावरचा निर्णय कायम. पिवळ्यांनी पुढच्याच डावात मॅच मारली. शेजारी बिचारा एकटाच चिप्स खात होता. त्याची हार झाली आणि त्याकडे या दोघांचं लक्षच नव्हतं.

"पुरावा नाही म्हणजे काय?" अण्णा म्हणाले. "करूनच बघू."

शेजाऱ्याने घरून रंगकामाची निळी चिकटपट्टी आणली. घरामागच्या लाकडी डेकवर रेघ आखली गेली. बाबा उशी फेकणार, अण्णा जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून ती झेलणार आणि अंगठा आत टेकवणार. मी "अण्णा, गुडघा!" म्हणेपर्यंत उशी हवेत होती. अण्णांनी ती झेलली, एक पाय टेकवला आणि तसेच शेजाऱ्याच्या अंगावर जाऊन आदळले. त्याने त्यांना मिठीतच पकडलं म्हणून निभावलं. एक जॅन्डल लॅव्हेंडरच्या झुडपात गेली.

नवऱ्याने फोनवर शूटिंग केलं होतं. चार डोकी त्या फोनवर वाकली.

"आत," अण्णा म्हणाले.

"बाहेर! स्वच्छ बाहेर!" बाबा म्हणाले.

मघाशी दोघं बरोबर उलट बाजूला होते, हे मी सांगितलं, पण ऐकायला कोण तयार होतं!

त्यानंतर घरातला मानपान संपला. सकाळी जो आधी उठेल तो आधी आंघोळीला जाई. रोज संध्याकाळी दोघं मॉलपर्यंत पायी जायचे आणि वाटेत कशावरून तरी वाद घालत परत यायचे. शेजाऱ्याचा हॉल रंगवून झाला, तरी तो रविवारी आमच्याचकडे येत राहिला. त्याची बायको म्हणाली, घरी एकट्याने बघण्यात मजा नाही म्हणतो.

बाबा पुण्याला परतले, पण वाद थांबले नाहीत. आता रविवारी दुपारी अण्णांचा फोन वाजतो. तिकडे सकाळ असते, बाबांनी नुकतेच मॅचचे तुकडे पाहिलेले असतात. अण्णा फोन कानाला लावून हॉलमध्ये येरझारा घालतात आणि मोठमोठ्याने म्हणतात, "तुम्ही दुसऱ्या कॅमेऱ्यातून पाहिलंत का? नाही ना? मग बोलू नका!"

मागून आईचा आवाज येतो, "अहो, फोन ठेवा आता, पोहे गार झाले."

"एक मिनिट," बाबा तिला म्हणतात. "यांना त्या लाल पोराचा गुडघा टेकलेला दिसतच नाहीये."