एका चुलीवरचे हमीद गुरुजी

हमीद गुरुजींची आणि माझी पहिली भेट शाळेत झाली नाही. मास्तरांनी शाळा सोडून बाकी सगळीकडे असावे, हे धोरण निजामी जाऊन नवे राज्य आले तरी मोठ्या निष्ठेने चालू राहिले. मी नळदुर्गला नवा मास्तर म्हणून उतरलो त्या दिवशी गुरुजी चावडीत बसून लोकांचे रेशन कार्डाचे अर्ज भरत होते. मला पाहून त्यांनी सतरंजीवर थोडी जागा केली आणि म्हणाले, "या, बसा. खडू मागून मिळंल, आधी टाक घ्या." त्यांच्या शेजारी मी जो बसलो तो आज ते साठीचे झाले तरी बसलेलाच आहे. पाय अवघडलेत, पण उठावंसं वाटलेलं नाही.

गौरव समितीने मला गुरुजींच्या शैक्षणिक कार्यावर लिहायला सांगितले होते. ते इतर मंडळी लिहितीलच, लांबीलाही कमी पडणार नाहीत. मी फक्त एका कार्डाची हकीकत सांगतो.

गुरुजींच्या गल्लीत धोंडिबा नावाचा मजूर राहतो. टंचाईच्या एका साली त्याने सावकाराचे जमिनीखालचे ज्वारीचे पेव फोडले आणि तो तुरुंगात गेला. ज्वारी न विचारता घेतली तेव्हा सरकारने त्याला बिनबोभाट जेवू घातले. सुटून आल्यावर हात जोडून मागितली तेव्हा मात्र सरकारला नाना शंका आल्या. भावाने त्याला घरातून आणि कार्डावरून एकदमच कमी केले होते. मग धोंडिबा आणि त्याची बायको सोनाबाई गल्लीच्या टोकाला एका छपरात राहू लागली.

गुरुजींनी त्याचा अर्ज लिहिला. त्यावर सही गावच्या पाटलांची लागे. पाटलांनी तो वाचलाही नाही.

"तुरुंगातनं आलेल्याला चालचलनाचा दाखला पायजे."

"कुठल्या नियमात आहे ते, पाटील?" गुरुजींनी विचारले.

"नियम कशाला? म्या हाय की हितं! चोराला सरकारी ज्वारी, मग आमी सावासारखं राहून काय मिळवलं?"

गुरुजी भांडले नाहीत. त्यांना भांडता येत नाही, ही त्यांच्यातली मोठी उणीव. तीच समोरच्याला दमवते. रोज शाळा सुटली की ते चावडीत जात, पाटलांना सलाम करत, अर्जाची चौकशी करत आणि बसून राहत. अखेर कंटाळून पाटलांनी रेशनचा कारकून बोलावला.

त्या वेळी कार्ड चुलीमागे एक मिळे. चूल वेगळी तर कुटुंब वेगळे. कारकून छपरात वाकून शिरले, त्यांनी चुलीत हात घातला आणि शेरा मारला: चूल थंड आहे, सबब येथे कुटुंब नाही.

"दाणाच न्हाय तर चूल पेटवून काय शिजवू? हात?" सोनाबाई म्हणाली. त्या शेऱ्यात या प्रश्नाला जागा नव्हती.

संध्याकाळी धोंडिबा गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसला. मी तिथेच होतो. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, परत एखादं पेव फोडू का? आत गेलो तर तितं कारड लागत न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरचे ज्वारीचे पीठ छपरात जाऊ लागले. चोराच्या घरी विस्तव द्यायला गल्लीत कुणी तयार नव्हते, तेव्हा सोनाबाई गोवरी घेऊन गुरुजींच्या दारी येई आणि गुरुजींच्या पत्नी, बीबी, त्यावर निखारा ठेवून देत. "ले जा गे, बुझने के पयले पळ," असे म्हणत. चूल पेटू लागली. गुरुजींनी कारकुनांना पुन्हा आणले; सोबत पाटीलही आले.

कारकुनांनी गरम राखेत बोट घातले आणि टोपलीतल्या भाकरीकडे पाहिले. "म्हणजे घरात धान्य आहे! मग कार्डाची गरज काय?"

थंड चुलीला कुटुंब नाही, गरम चुलीला गरज नाही. मी इतकी वर्षे तिरकस लिहितो आहे, पण सरकारशी स्पर्धा करणे मला कधी जमले नाही.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "पीठ माझ्या घरचं आहे साहेब, आणि विस्तवही. तेव्हा यांची चूल म्हणजे माझीच चूल. दोघांची नावं माझ्या कार्डावर चढवा."

कारकुनांचा टाक थबकला. "नातं काय लिहू?"

"एका चुलीवरचे, असं लिहा."

पाटील दचकून पुढे झाले. गुरुजींच्या कार्डावर धोंडिबा, म्हणजे बीबींच्या हातची भाकरी, आणि तीही सरकारी शिक्क्यानिशी! "गुरुजी, भलतंच काय! गाव काय म्हणंल?"

"दुसरा मार्ग तुम्ही सांगा, पाटील."

"येगळी हाय ओ साहेब, ह्याची चूल येगळी हाय! म्या सोताच्या डोळ्यानं बघितली. लिवा!" पाटील ओरडले. ज्या चोराचे त्यांना पोट दिसले नव्हते, त्याचा धर्म वाचवायला ते जामीन राहिले. त्याच आठवड्यात धोंडिबाला कार्ड मिळाले.

यानंतर सारे सुरळीत झाले असे लिहिण्याची या प्रकारच्या लेखात रीत आहे. तसे झाले नाही. आजही गावात कुणाची कोंबडी हरवली तरी पहिले बोलावणे धोंडिबाला येते, आणि गुरुजी काठी टेकत चावडीत जाऊन त्याच्या शेजारी बसतात. हल्ली त्यांना धाप लागते. मी एकदा म्हणालो, "गुरुजी, आता पुरे करा." ते म्हणाले, "थकलो तर आहेच. पण घरी बसून थकण्यापेक्षा इथं बरं. इथं सोबत आहे."

यंदा पुन्हा टंचाई आहे. मागच्या आठवड्यात दुकानात धान्य आले नाही, काड्यापेटीही नाही. मी सकाळी गुरुजींच्या ओट्यावर होतो. बीबी गोवरी घेऊन बाहेर पडल्या, गल्लीच्या टोकाला गेल्या आणि सोनाबाईच्या चुलीतला निखारा घेऊन आल्या. मागोमाग सोनाबाईचा आवाज आला, "पळा बीबी, इझंल!"

गुरुजींना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यातली काही वर्षे तरी त्यांना चावडीत बसावे लागू नये. आणि तोवर त्या गल्लीतला विस्तव असाच या दारातून त्या दारात जात राहो.